पटकीचा पेला

7 ऑक्टोबर 1892 रोजी म्युनिकमध्ये 73 वर्षांच्या एका नामवंत शास्त्रज्ञाने साक्षीदारांसमोर पटकीचे जिवाणू पिऊन दाखवले. त्यांचं नाव माक्स फॉन पेटेनकोफर. आधी त्यांनी सोडा घातलेलं पाणी घेतलं. पोटातल्या आम्लानेच जिवाणू मेले असतील, असं मागाहून कुणाला म्हणता येऊ नये हा त्यामागचा हेतू. मग जिवाणूंनी गढूळलेला एक घन सेंटिमीटर रस त्यांनी गिळला. पुढचे काही दिवस त्यांचं पोट बिघडलं, शौचात पटकीचे जिवाणूही सापडले. पण त्यांना पटकी झाली नाही.

ही गंमत म्हणून लावलेली पैज नव्हती. त्याच उन्हाळ्यात हॅम्बुर्ग शहरात पटकीने साडेआठ हजारांवर माणसं गेली होती. हॅम्बुर्ग एल्ब नदीचं पाणी न गाळता पीत होतं. त्याला खेटून असलेलं आल्टोना गाव त्याच नदीचं, उलट आणखी घाण झालेलं, पाणी वाळूतून गाळून घेत होतं. दोन गावांच्या शिवेवरच्या रस्त्याला एका अंगाच्या घरांत माणसं पटापट मरत होती आणि दुसऱ्या अंगाच्या घरांना झळ जवळपास लागलीच नाही. रॉबर्ट कॉख यांनी 1884 साली कोलकात्यात पटकीचा स्वल्पविरामासारखा वाकडा जिवाणू पकडला होता. हॅम्बुर्गने त्यांचं म्हणणं खरं ठरवलं: जिवाणू पाण्यातून येतो आणि रोग घडवतो.

पेटेनकोफर यांना हे पुरतं पटत नव्हतं. जिवाणू हवाच, पण तेवढ्याने भागत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. जिवाणूला त्यांनी ‘एक्स’ म्हटलं. त्याला जमिनीचा, जागेचा ‘वाय’ आणि माणसाच्या प्रकृतीचा ‘झेड’ मिळाल्याशिवाय साथ पेटत नाही, असं ते मांडत. जमिनीच्या बाबतीत ते चुकले. पाणी गाळायला उशीर होण्यात अशा मतांचाही वाटा होता, हे विसरून चालणार नाही. पण त्यांच्या ‘झेड’मध्ये एक प्रश्न दडला होता आणि कॉख यांच्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. एकाच पंगतीत जेवलेल्या, एकाच घागरीतलं पाणी प्यालेल्या दोघांपैकी एकाला पटकी होते आणि दुसरा हिंडत-फिरत राहतो, हे कसं?

हा प्रश्न ज्याच्या मनात घर करून बसला, तो माणूस तेव्हा पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करत होता. इल्या मेचनिकोव. जन्म 1845चा, खारकोवजवळच्या खेड्यातला. आजच्या युक्रेनचा हा भाग तेव्हा रशियन साम्राज्यात होता. 1882च्या हिवाळ्यात इटलीतल्या मेसिना गावी त्यांनी ताऱ्याच्या आकाराच्या सागरी जिवाच्या पारदर्शक पिल्लांमध्ये गुलाबाचे काटे टोचले. सकाळी पाहतात तो फिरत्या पेशींनी काट्याला वेढा घातलेला. शरीरात शिरलेल्या परक्याला गिळणाऱ्या या पेशींना ‘भक्षक पेशी’ हे नाव मिळालं. शरीराच्या रक्षणाविषयीचं आजचं ज्ञान ज्या पायांवर उभं आहे, त्यांपैकी हा एक. याच कामासाठी 1908 साली पाउल एर्लिश यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं.

मेचनिकोव यांनीही पटकीचा पेला उचलला. 1892 साली फ्रान्समध्येही पटकी होती. त्यांनी जिवाणू प्यायले आणि काहीच झालं नाही. एका सहकाऱ्याने प्यायले, त्यालाही काही झालं नाही. तिसरा तरुण पुढे आला आणि तो मरणाच्या दारातून परत आला. त्यांची पत्नी ओल्गा यांनी लिहिलेल्या चरित्रात या दिवसांत त्यांची काय अवस्था झाली होती, ते येतं. आज असा प्रयोग कुणी मांडला, तर कोणतीही संस्था त्याला दारात उभं करणार नाही, आणि तेच योग्य आहे. पण तिघांची तीन शरीरं एकाच पेल्याला इतकी वेगळी उत्तरं देतात, हे त्या तरुणाने आपला जीव पणाला लावून दाखवलं होतं.

मेचनिकोव प्रयोगशाळेत परतले आणि त्यांनी पटकीच्या जिवाणूंशेजारी आतड्यात सापडणारे इतर जिवाणू वाढवून पाहिले. काहींच्या शेजारी पटकीचा जिवाणू जोमाने फोफावला. काहींच्या शेजारी तो खुरटला. माणसाच्या आतड्यात आधीपासून कोण राहतं, यावर पाहुण्याचं काय होणार ते ठरतं, असा तर्क त्यांनी बांधला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा क्षण आहे. जिवाणूशास्त्र तेव्हा एका रोगाला एक शत्रू शोधण्यात गुंतलेलं होतं. अशा काळात एक प्राणिशास्त्रज्ञ आतड्याकडे वस्ती म्हणून पाहत होता. तिथे शेजारी होते, भाडेकरू होते, हेवेदावे होते आणि सोयरीकही होती.

त्याच 1892 साली पाश्चर संस्थेतच पटकीला आणखी एक उत्तर तयार झालं आणि त्याचा धागा थेट मुंबईला पोचतो. ओडेसाच्या विद्यापीठात मेचनिकोव यांचे विद्यार्थी असलेले वाल्देमार हाफकिन पॅरिसला आले होते. सुरुवातीला संस्थेच्या ग्रंथालयात काम करत ते प्रयोगशाळेत शिरले. 18 जुलै 1892 रोजी त्यांनी स्वतः बनवलेली पटकीची लस स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते हिंदुस्थानात आले आणि गावोगाव हिंडून हजारो लोकांना टोचत राहिले. 1896 साली मुंबईत प्लेग उतरला तेव्हा सरकारने त्यांना तिकडे बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी तीही आधी स्वतःला टोचली. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात हलवलेली त्यांची प्रयोगशाळा 1925पासून त्यांच्या नावाने ओळखली जाते. शिष्याने शरीराला शत्रूची आधीच ओळख करून दिली. गुरू मात्र त्या शत्रूला बसायला जागा का मिळते आणि का मिळत नाही, याचाच शोध घेत राहिला.

या वाटेवर मेचनिकोव एकटे नव्हते. 1885 साली थिओडोर एशेरिश यांनी तान्ह्या मुलांच्या शौचातून आज ‘ई. कोलाय’ म्हणून ओळखला जाणारा जिवाणू वेगळा केला होता. पाश्चर संस्थेतच आंरी तिसिए यांना शतक बदलण्याच्या सुमारास अंगावर पिणाऱ्या बाळांच्या आतड्यात दोन फाटे फुटलेला एक जिवाणू मुबलक सापडला. हाच आजचा बिफिडोबॅक्टेरियम. जुलाब लागलेल्या बाळांना हाच जिवाणू द्यावा, असं तिसिए यांनी सुचवलं. आईच्या दुधाचा आणि या जिवाणूचा संबंध काय, ते मात्र कळायला पुढे अनेक दशकं लागली.

मेचनिकोव यांचं लक्ष आता म्हातारपणाकडे वळलं होतं. त्यामागे त्यांचं आयुष्य होतं. पहिली पत्नी ल्युदमिला 1873 साली क्षयाने गेली तेव्हा त्यांनी मॉर्फिन घेऊन जीव द्यायचा प्रयत्न केला होता. दुसरी पत्नी ओल्गा विषमज्वराने अत्यवस्थ झाली, त्यानंतर त्यांनी उलटून-उलटून येणाऱ्या तापाचे जंतू स्वतःला टोचून घेतले आणि तेव्हाही ते वाचले. आयुष्य लवकर संपतं आणि दुःखात संपतं, यात काही बदल करता येईल का, हा शोध त्यांनी उतारवयात हाती घेतला. 1907 साली त्यांनी या विषयावरच्या पुस्तकाला ‘आशावादी निबंध’ असं नाव दिलं.

त्यांची मांडणी उत्क्रांतीच्या अंगाने जाणारी होती. सस्तन प्राण्यांना मोठं आतडं मिळालं ते धावता यावं म्हणून: वाघ मागे लागलेल्या हरणाला थांबून शौच करणं परवडत नाही, मळ साठवून ठेवता आला तर जीव वाचतो. पोपटासारख्या पक्ष्यांना असं मोठं आतडं जवळपास नसतं आणि ते आपल्या आकाराच्या मानाने खूप जगतात. मग माणसाने काय करायचं? पूर्वजांकडून आलेल्या या कोठारात अन्न सडतं, सडवणारे जिवाणू विषं तयार करतात, ती रक्तात उतरतात, धमन्या कडक होतात आणि वार्धक्य वेळेआधी येतं. म्हणजे दोष कोठारात आणि कोठारातल्या वस्तीत.

8 जून 1904 रोजी पॅरिसमध्ये त्यांनी वार्धक्यावर व्याख्यान दिलं. त्यात त्यांनी बल्गेरियातल्या दीर्घायुषी शेतकऱ्यांचा आणि ते रोज घेत असलेल्या आंबवलेल्या दुधाचा उल्लेख केला. दूध आंबवणारे जिवाणू आम्ल तयार करतात, आम्लात सडवणारे जिवाणू टिकत नाहीत. मग आंबवलेलं दूध पोटात गेलं तर सडणं थांबेल, असा त्यांचा हिशेब. पुढच्या वर्षी जिनीव्हात शिकणारा बल्गेरियन विद्यार्थी स्तामेन ग्रिगोरोव याने गावच्या दह्यातून तो लांबट जिवाणू शोधून काढला आणि ‘बल्गेरियन बॅसिलस’ हे नाव गाजू लागलं.

वर्तमानपत्रांनी व्याख्यान उचललं. औषधांच्या दुकानांत आंबट दूध, जिवाणूंच्या गोळ्या, भुकट्या आणि घरी विरजण लावायची भांडी विकली जाऊ लागली. दही ही आयुष्य वाढवणारी संजीवनी आहे असं मी म्हणत नाही, असं त्यांनी एक पुस्तिका लिहून सांगितलं. पण गर्दीने उत्तर उचललं होतं आणि प्रश्न मागे टाकला होता.

मोठ्या आतड्याला गुन्हेगार ठरवण्याचे परिणाम दह्यापुरते राहिले नाहीत. ‘स्वविषबाधा’ हा शब्द वैद्यकात सर्रास वापरला जाऊ लागला. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधले सर्जन अर्बथनॉट लेन जुन्या बद्धकोष्ठावर उपाय म्हणून रुग्णांचं मोठं आतडं कापून टाकू लागले. तेव्हा पोटाची शस्त्रक्रिया म्हणजे जिवाशी खेळ होता आणि त्यात माणसं दगावत होती. 1913 साली लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये या विषयावर बैठकांमागून बैठका झाल्या, डॉक्टरांनी एकमेकांना पुरावे मागितले आणि हळूहळू हा सिद्धांत मागे पडला. चांगला प्रश्न विचारणाऱ्याच्या अर्धवट उत्तरामुळे असंही नुकसान होतं, हे या कहाणीत लपवण्यासारखं नाही. शंभरी ओलांडलेल्यांच्या संख्येवरून दह्याच्या गुणाचा निष्कर्ष काढणं ही मेचनिकोव यांच्या मांडणीतली सर्वांत कच्ची वीट होती.

स्वतः ते वर्षानुवर्षं आंबवलेलं दूध पीत आणि कच्चं अन्न टाळत. जुलै 1916मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, वयाच्या 71व्या वर्षी ते हृदयविकाराने गेले. मरणापूर्वी त्यांनी आपल्या डॉक्टर मित्राला शवविच्छेदनाच्या वचनाची आठवण करून दिली आणि आतडी नीट तपासायला सांगितलं. ओल्गा यांनी हे नोंदवून ठेवलं आहे. त्यांच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवलेल्या आहेत.

नंतर येल विद्यापीठात लिओ रेटगर यांनी दाखवून दिलं की बल्गेरियन जिवाणू माणसाच्या आतड्यात वस्ती करतच नाही. दह्यातून येतो आणि निघून जातो. मेचनिकोव यांच्या सिद्धांताचा एक खांब पडला. ते चुकले कुठे, हे आता नीट सांगता येतं. दह्यातला जिवाणू दुधात वाढायला पिढ्यान्‌पिढ्या सरावलेला आहे. आपल्याकडे तर प्रत्येक घरचं विरजण वेगळं, शेजारणीकडून वाटीभर आणलेलं, त्यात जिवाणूंची सरमिसळ वेगळी. त्या दह्याचं ताक होऊन पोटात गेलं तर पचायला ते हलकं असतं, पौष्टिक असतं. पण दुधाचा रहिवासी आतड्यात बिऱ्हाड थाटेल, ही अपेक्षा म्हणजे भाताचं रोप डोंगरमाथ्यावर लावण्यासारखी आहे.

दरम्यान 1917 साली मेचनिकोव यांचाच प्रश्न रणांगणावर पुन्हा उभा राहिला. बाल्कनमधल्या दोब्रुजा आघाडीवर सैनिक जुलाबांनी बेजार झाले होते. सगळ्यांबरोबर राहून, तेच खाऊन-पिऊन एक सैनिक ठणठणीत राहिला. जर्मनीत फ्रायबुर्गच्या आल्फ्रेड निस्ले यांनी त्याच्या शौचातून ई. कोलायची एक जात वेगळी केली. ती रोगकारक जिवाणूंना रोखून धरते, असं त्यांना दिसलं. निस्ले यांच्या नावाने ओळखली जाणारी ही जात शंभराहून अधिक वर्षांनंतरही औषध म्हणून दिली जाते. ही मूळची आतड्यातली होती, एवढाच तिच्यात आणि बल्गेरियन जिवाणूत फरक. पण तोच फरक निर्णायक होता.

मग प्रतिजैविकं आली. त्यांनी कोट्यवधी जीव वाचवले आणि जुन्या वस्तीचं मोल नकळत दाखवूनही दिलं. शिकागोच्या संशोधकांनी 1950च्या दशकात उंदरांना आधी स्ट्रेप्टोमायसिन दिलं आणि मग साल्मोनेला पाजला. एरवी उंदीर आजारी पडायला लाखाच्या घरात जिवाणू लागत. औषधाने आतड्यातली वस्ती झोडपल्यावर दहाहून कमी जिवाणू पुरले. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही: उभ्या पिकात तण कमी, नांगरून मोकळ्या सोडलेल्या रानात तण माजलेलं. आतड्यातले रहिवासी अन्न खाऊन टाकतात, जागा अडवतात, आम्ल आणि जिवाणूनाशक द्रव्यं सोडतात, शरीराच्या पहारेकऱ्यांना जागं ठेवतात. आगंतुकाला पाय ठेवायला जागा उरत नाही.

1958 साली अमेरिकेत डेन्व्हरच्या बेन आयझमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिजैविकांनंतर आतड्याला जीवघेणी सूज आलेल्या चार रुग्णांना निरोगी माणसाच्या विष्ठेचा एनिमा दिला. चौघंही बरे झाले. वैद्यकाने याकडे बराच काळ नाक मुरडून पाहिलं. अशा सुजेमागे क्लोस्ट्रिडियम डिफिसील नावाचा जिवाणू असतो, हे 1978 साली समजलं. 2013 साली नेदरलँडमध्ये परत-परत उलटणाऱ्या या रोगावर शिस्तशीर चाचणी झाली. निरोगी माणसाची विष्ठा द्रवरूपात आतड्यात सोडलेल्या 16 जणांपैकी 13 जण पहिल्याच वेळी बरे झाले. नेहमीच्या व्हॅन्कोमायसिनने 13पैकी 4 बरे झाले. फरक इतका ठसठशीत होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. एकेका जिवाणूची गोळी देण्याऐवजी इथे पूर्ण वस्तीच पुन्हा वसवली होती.

मोठ्या आतड्याविषयी मेचनिकोव यांचा निकालही उलटला. ते टाकाऊ कोठार नाही. धान्याचा कोंडा, डाळी, भाजीचा चोथा यांतलं जे आपल्याला पचत नाही, ते तिथले जिवाणू आंबवतात. त्यातून तयार होणारं ब्युटिरेट हे तर आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य अन्न. तिसिए यांच्या बाळांचं कोडंही सुटलं. आईच्या दुधात अशा शर्करा भरपूर असतात ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या बिफिडो जिवाणूंसाठी असतात. आई एका पाजण्यात दोघांना भरवते. आणि ही सोबत नवी नाही. 2016 साली माणूस, चिंपांझी, बोनोबो आणि गोरिला यांच्या आतड्यांतल्या काही जिवाणूकुळांच्या वंशावळी जुळवून पाहिल्या गेल्या. यजमानांच्या वाटा जशा फुटल्या तशाच त्यांच्या फुटल्या होत्या, जवळपास दीड कोटी वर्षं मागेपर्यंत. एका माणसाच्या शरीरात आज अंदाजे 38 लाख कोटी जिवाणू राहतात, जवळपास त्याच्या स्वतःच्या पेशींइतकेच. पणजीकडून आजीकडे आणि आजीकडून आईकडे आलेली ही मिरास कारण नसताना घेतलेल्या प्रतिजैविकाच्या एका पट्टीने अस्ताव्यस्त होऊ शकते, याची मला मनापासून काळजी वाटते.

आशा वाटावी असंही काही घडलं आहे. ओडिशाच्या खेड्यांमध्ये साडेचार हजारांहून अधिक नवजात बाळांवर पिनाकी पाणिग्रही आणि सहकाऱ्यांनी केलेल्या चाचणीचे निष्कर्ष 2017 साली आले. अर्ध्या बाळांना आठवडाभर लॅक्टोबॅसिलस प्लान्टारम आणि त्या जिवाणूला लागणारी शर्करा दिली होती, उरलेल्यांना नुसतं दिसायला सारखं काही. रक्तात जंतुदोष होण्याचं आणि मृत्यूचं एकत्रित प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आलं. जिवाणू बाळाच्या आतड्यात टिकेल असा निवडला होता आणि तो दिला होता अशा वेळी, जेव्हा घर अजून रिकामं होतं.

पटकीकडे परत येऊ. 2014 साली ढाक्यात पटकीतून बऱ्या होणाऱ्या रुग्णांच्या आतड्यात वस्ती कशी पुन्हा बसत जाते, हे आन्सेल सियाओ आणि जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने तपासलं. बरं होण्याशी निगडित असलेल्या जिवाणूंपैकी रुमिनोकॉकस ओबियम हा त्यांनी उंदरांच्या आतड्यात घालून पाहिला. तो असला की पटकीच्या जिवाणूला तिथे नीट ठाण मांडता येत नव्हतं. जिवाणू आपल्या गर्दीचा अंदाज घ्यायला जे रासायनिक इशारे वापरतात, तेच हा सोडतो आणि पटकीचा जिवाणू वस्ती करण्यासाठी लागणारी आपली हत्यारं आवरती घेतो.

चार वर्षांनी त्याच शहरातून आणखी एक अभ्यास आला. पटकी झालेल्या रुग्णांच्या घरच्या माणसांना तपासलं होतं: तेच छप्पर, तीच चूल, तेच पाणी. कुणाला लागण होईल आणि कुणाला नाही, हे त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंच्या ठेवणीवरून सांगता येतं का, असा प्रश्न होता. बऱ्याच अंशी सांगता आलं.